मी लिहिलेलं खोटं बीपी

माझ्या आजाराबद्दल कोणी विचारलं की मी सांगते, "सातवा संपता संपता बीपी वाढलं, फिट आली, बाळ गेलं." ऐकणारा हळहळतो, "अरेरे, असं अचानक?" आणि मी मान हलवते. गेलं वर्षभर मी अशी मान हलवत आले. अचानक काहीही झालेलं नव्हतं. पाच आठवडे, सकाळ-संध्याकाळ, मला ते दिसत होतं आणि मी ते लपवत होते. गरोदर बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून हे लिहिते आहे. वाचून माझ्याबद्दल वाईट मत झालं तर होऊ दे, माझंही स्वतःबद्दल फारसं चांगलं नाही.

मी कोण, काय करत होते

मी मूळची सांगलीची. इंजिनिअर झाले, म्हैसूरला हेब्बाळमधल्या एका कंपनीत लागले आणि तिथे भेटलेल्या किरणशी लग्न केलं. किरणचं घराणं मराठीच, पण पिढ्यान्पिढ्या इथलं. पणजोबा-आजोबा कापड रंगवायचे, छापायचे. आता घरात कुणाच्या हाताला रंग लागत नाही. चामराजपुरममध्ये आम्ही तिघं राहतो. मी, किरण आणि त्याची आई. त्यांना सगळेच अम्मा म्हणतात. माझी स्वतःची आई सांगलीला, त्यामुळे मलाही अम्मा म्हणणं सोयीचं पडलं. किरणची धाकटी बहीण लता लग्न होऊन हुणसूरला गेली आहे.

आता कामाचं सांगते, कारण लाज तिथूनच सुरू होते. आमची कंपनी एका दूरच्या राज्याच्या आरोग्य खात्यासाठी सॉफ्टवेअर बनवते. गावोगावच्या नर्सबाई गरोदर बायकांचं वजन, बीपी, रक्त तपासतात, ते आकडे आमच्याकडे येतात. बाळंतपणात कोणती आई गेली, जन्मल्यावर कितव्या दिवशी कोणतं बाळ गेलं, तेही येतं. त्या आकड्यांतलं खोटं शोधायचं, हे माझं काम. आणि खोटं भरपूर असतं. अख्ख्या गावातल्या सगळ्या गरोदर बायकांचं बीपी ११०/७०, तेही महिनोन्महिने. मशीन बंद पडलेलं असतं, किंवा एका बाईंच्या गळ्यात चार गावं असतात, आणि रकाना तर रिकामा ठेवता येत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये एक नियमच बसवून टाकला होता. एका केंद्रातून शून्यावर संपणारे आकडे फार आले की ती यादी लाल दिसायची. मशीनवर मोजलं की ११७ येतं, १२३ येतं. मनाने लिहिणारं माणूस हटकून शून्यावर जाऊन बसतं. एका मीटिंगमध्ये मी म्हणाले होते, "या बायांना मशीन बहुतेक शोकेसमध्ये ठेवायला दिलंय." सगळे हसले होते. त्या दिवसांत मी फार नाकाने कांदे सोलत होते.

वही

लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले. पाचव्या महिन्यात डॉक्टर मॅडमना माझं बीपी जरा चढं वाटलं. माझ्या आईला बीपी आहे हे ऐकल्यावर त्यांनी सांगितलं, मशीन घ्या, रोज दोनदा बघा, वहीत लिहा. १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन. मी विचारलं, फोन केल्यावर काय? त्या म्हणाल्या, गोळी सुरू करू, लागलं तर ॲडमिट करू.

ॲडमिट हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. आमच्या सॉफ्टवेअरचं नवं रूप त्या राज्याच्या अधिकाऱ्यांना दाखवायचं होतं आणि ते मीच दाखवणार होते. वर्षभर त्यासाठी राबले होते. पण सगळं कामावर ढकलणं बरोबर नाही. सहा वर्षं लोकांच्या प्रश्नांना तोंड देऊन झाल्यावर मला एक बिनतक्रार गरोदरपण हवं होतं. तो आकडा वहीत उतरला की मी आजारी ठरणार, आणि उतरला नाही तर नाही, असं काहीतरी माझ्या शिकलेल्या डोक्यात चाललं होतं.

पहिल्यांदा १४२/९२ आलं. मी नुकतीच जिना चढून आले होते. दहा मिनिटं पडले, पुन्हा बघितलं, १३८/८८. तेच लिहिलं. मशीनमध्ये आलं होतं, म्हणजे खोटं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी तीनदा बघून सगळ्यात कमी आलेलं लिहायला लागले. मग एका सकाळी तीनदा बघितलं, चौथ्यांदा बघितलं, आणि १४६ च्या खाली काही उतरेना. किरण खालून हाक मारत होता, कंपनीच्या बसची वेळ झाली होती. मी लिहिलं, १३४/८३.

शून्य मी टाळला. त्याचा विचारही करावा लागला नाही. खोटं कसं पकडतात हे मला चांगलं माहीत होतं, त्यामुळे न पकडलं जाणारं खोटं माझ्या हातून आपोआप उतरलं. पुढे रोज. १३१/८४. १२९/८२. मधूनच एखादा १३७, म्हणजे खरं वाटावं.

तपासणीला गेले तेव्हा तिथल्या मशीनवर १४४ आलं. डॉक्टर मॅडमनी वही उलटून पाहिली. "घरचे आकडे छान आहेत. इथे आल्यावर घाबरता तुम्ही, बऱ्याच जणींचं होतं असं." लघवीची तपासणी तोवर बरी होती. दोन आठवड्यांनी बोलावलं. निघताना म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित वही फार कमी बायका ठेवतात." मी चक्क खूश झाले.

हिरव्या बांगड्या

सातव्या महिन्यात अम्मांनी डोहाळजेवण ठरवलं. इथल्या आमच्या लोकांत त्याला सीमंतच म्हणतात आणि त्यात ओटीइतकाच मान बांगड्या भरण्याला असतो. बांगडीवाली घरी येते, कोपराच्या दिशेने चढत जातील अशा हिरव्यागार काचेच्या बांगड्या भरते, आणि त्या बाळंतपण होईपर्यंत उतरवायच्या नसतात. रविवारी सीमंत, मंगळवारी माझं सादरीकरण. डॉक्टरांची तारीख सोमवारी होती, ती मी फोन करून पुढच्या आठवड्यात ढकलली.

रविवारी सकाळी मशीनवर १५८/१०४ आलं. मी बटण दाबून ते बंद केलं आणि साडी नेसायला गेले.

बांगडीवाल्या गौरम्मांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला. दाबल्या जागी खळगा पडला, तो लवकर भरेना. "कै ऊदिदे," त्या अम्मांना म्हणाल्या, हात सुजलाय. एरवीच्या मापाच्या बांगड्या जाईनात. साबण लावला, तेल लावलं, मोठं माप काढलं. अम्मांनी मला पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं.

"हात असा का झालाय ग? बीपी बघितलं का नाय सकाळी?"

"बघितलं."

"किती?"

"एकशे अठ्ठावीस."

अम्मांना त्यातलं कळत नव्हतं. "म्हंजे बरं हाय?"

"छान आहे, अम्मा."

"नायतर सांग, हां. आपण पुढे घालू. माणसं काय, परत येतात. बांगड्या पुढल्या आयतवारी भरल्या तर काय बिघडलं? सुम्मने, उगाच अंगावर काढू नको."

त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. बाहेर पंचवीस बायका बसलेल्या असताना, केलेला स्वयंपाक तसाच ठेवून, कार्यक्रम मोडायला त्या तयार होत्या. मी हसून म्हणाले, "काही नाही हो, उकाड्याने सुजलेत." आणि बाहेर येऊन पाटावर बसले.

मंगळवार

मंगळवारी उठले तीच ठणकणारं डोकं घेऊन. उजवीकडे बरगडीखाली दुखत होतं, ते मी रविवारच्या होळीग्यांवर, म्हणजे पुरणपोळ्यांवर ढकललं. बसमध्ये डोळ्यांपुढे मधूनमधून चमकत्या रेषा हलत होत्या. अकरा वाजता पडद्यावर अधिकारी आले आणि मी बोलायला लागले.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान आहे. गरोदर बाईला ही लक्षणं असतील तर तिला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवा, अशी सूचना नर्सबाईंना देणारं. ते पान मी वाचून दाखवलं. न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी. पोटात वरच्या बाजूला दुखणं. चेहऱ्यावर, हातावर सूज. चारही मी वाचली, चारही मला होती, आणि मी पुढच्या पानावर गेले. याहून मूर्ख क्षण माझ्या आयुष्यात आलेला नाही. माझ्या वाचकांपैकी कुणाला यातलं एकही असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि निघा. बीपी किती आहे हे बघत बसू नका.

सादरीकरण संपलं. सगळ्यांनी कौतुक केलं. चहाच्या मशीनपाशी गेल्याचं आठवतं, त्यानंतरचं काही आठवत नाही. सोबतच्या मुलींनी नंतर सांगितलं की मी आधी ताठ झाले आणि मग झटके यायला लागले. त्यांनी मला कुशीवर वळवलं आणि कंपनीच्या अँब्युलन्समध्ये घातलं. मी आज जिवंत आहे ती त्या मुलींमुळे.

जाग आल्यावर

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा जीभ जाड झाली होती, दातांखाली आल्यामुळे. पोटावर टाके. हातात सुई, आणि तिच्यातून जाणाऱ्या औषधाने अंगभर भट्टी लागल्यासारखी आग. झटके परत येऊ नयेत म्हणून ते औषध असतं. मनगटांवर चिकटपट्ट्या होत्या. बांगड्या उतरेनात, म्हणून कातरीने फोडून काढाव्या लागल्या होत्या.

अतिदक्षता विभागाचे दिवस सारखेच असतात. दर तासाला कोणीतरी येऊन गुडघ्यावर हातोडी मारतं, पिशवीतली लघवी मोजतं, "नाव काय?" विचारतं. दंडावरचा पट्टा आपोआप फुगतो, उतरतो, आणि भिंतीवर आकडा येतो. तिथे मला काही लिहायचं नव्हतं. बघायचंही नव्हतं, पण नजर तिथेच जायची. एका आयाबाईंनी तिसऱ्या दिवशी न सांगता माझे केस विंचरून घट्ट वेणी घालून दिली. मी रडायला लागले तेव्हा त्यांना वाटलं ओढ बसली.

मुलगी झाली होती. एक किलो आणि वर थोडी. तिला नवजात बाळांच्या विभागात काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

सहा दिवस

मला व्हीलचेअरवरून न्यायचे. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी काढायची, गाऊन घालायचा. पेटीवर चिठ्ठी होती, त्यावर माझं नाव आणि पुढे 'यांचं बाळ'. तिला वेगळं नाव नव्हतं. अम्मा मात्र काचेपाशी उभ्या राहून 'चिन्नी' म्हणायच्या, कन्नडमध्ये सोनुली.

तिथल्या सिस्टरनी मला दूध काढायला शिकवलं. दोन-दोन तासांनी, इवल्या सिरिंजमध्ये. पहिल्यांदा तळ झाकण्याइतकंच आलं. सिस्टर म्हणाल्या, तिला तेवढंच लागतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला पेटीत एक बोट घालू दिलं आणि तिने ते धरलं. मी चेहरा खिडकीकडे वळवला. तिच्याकडे बघायचा मला हक्क आहे असं वाटेना.

सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. फुप्फुसं तयार झालेली नव्हती, त्यात जंतुसंसर्ग झाला. किरणने तिला फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं, आणि थोड्या वेळाने परत घेतलं. दूध पुढे दहा-बारा दिवस येत राहिलं. जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यात गेलेली बाळं, असा माझ्या कामाच्या तक्त्यात एक रकाना आहे. कितीतरी वेळा मी त्याची बेरीज तपासली होती.

घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी माझी वही पुन्हा पाहिली. "सगळं आटोक्यात होतं," त्या म्हणाल्या. "काही वेळा असं एकाएकी होतं. तुमचा काही दोष नाही." किरणने माझा खांदा दाबला. मी वही परत पिशवीत ठेवली.

दोष कुणाकडे गेला

कुणाचाच दोष नाही हे ऐकून घर शांत होत नसतं. कुणीतरी लागतंच. सांगलीहून आई आली होती. ती एकदा अम्मांसमोर म्हणाली, "सातव्या महिन्यात एवढा थाट करायची काय गरज होती? तीन तास बसवून ठेवलंत पोरीला." अम्मा उलटून बोलतील असं मला वाटलं. त्यांनी नुसती मान खाली घातली. दोन दिवसांनी किरणही कशावरून तरी चिडून बोलून गेला, "तुझ्या त्या बांगड्या, अम्मा." मी त्याच खोलीत पडले होते. मी भिंतीकडे तोंड केलं.

मी तेव्हा बोलले असते तर? अंगात ताकद नव्हती, हे खरं. पण पुढे ताकद आली, आणि तरी मी बोलले नाही. अम्मा माझ्यासाठी आळीवाची खीर करत होत्या, माझं डोकं चेपत होत्या, आणि दर दोन दिवसांनी म्हणत होत्या, "माझं चुकलं ग. ओढून ओढून भरल्या मी." मी म्हणायचे, "असू द्या, अम्मा." असू द्या. म्हणजे मी मोठ्या मनाने त्यांना माफ करत होते.

महिन्याभराने आरोग्य केंद्रातून एक सिस्टर आल्या. बाळ गेलं की घरी येऊन चौकशी करतात, फॉर्म भरतात. त्रास कधी सुरू झाला, कुणाच्या लक्षात आला, दवाखान्यात न्यायचं कुणी ठरवलं, किती वेळ गेला. हे फॉर्म पुढे कुठे जातात ते मला पाठ होतं. अशाच आकड्यांवरून ठरतं की पुढच्या बाळाला वाचवायला काय करायचं. सिस्टर उन्हातून चालत आल्या होत्या, घाम पुसत होत्या. माझ्या विनोदातली शोकेसवाली बाई अगदी अशीच असणार.

मी काही बोलायच्या आत अम्माच म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं, सिस्टर. मी सीमंत केलं." सिस्टरनी त्यांना समजावलं की बांगड्यांनी कुणाला फिट येत नाही. मग माझी वही पाहिली, पानं उलटली. "रोज दोनदा? आणि एकही वर नाही. मग तर काहीच करता आलं नसतं, पाप." इथे पाप म्हणजे बिचारी. आणि त्यांनी तसं लिहिलं. माझ्या मुलीचं जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं, अशी नोंद झाली. मी त्यांना ताक दिलं.

लता

हे असंच चालू राहिलं असतं. मी बदलले असते असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

पण माझं बाळ गेलं तेव्हा लताला तिसरा महिना होता. चार महिन्यांनी तिचं सीमंत यायचं, आणि मग पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची. अम्मांनी दोन्हीला नकार दिला. "माझा हात वाईट हाय," त्या म्हणाल्या. शेजारच्या घरी बारसं होतं, तिथेही गेल्या नाहीत. लताच्या सासरी तंबाखूचा हंगाम होता, दिवसभर घरात कोणी नसायचं. तिथली माणसं म्हणायची, तपासण्या काय त्या म्हैसूरला आईकडे होतील. ती दोन महिने तपासणीला कुठेच गेली नव्हती.

एका दुपारी तिचा फोन आला. अम्मा स्वयंपाकघरात होत्या, मी तिथेच अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"अम्मा, येऊ का ग मी? चप्पल जात नाय पायात. इथं म्हणतात असतंच ते."

"नको, बाळ. इथं नको. तुझ्या सासूबायांना सांग, त्या बघतील. माझ्या घरात एक झालं तेवढं साकु."

साकु म्हणजे पुरे. लता रडायला लागली. अम्मांनी फोन ठेवला आणि पदराने कट्टा पुसत राहिल्या. मी लपवलेलं खोटं आता हुणसूरला जाऊन पोचलं होतं.

"अम्मा, बांगड्यांनी काही झालं नाही."

"ते सिस्टर पण म्हणाली. इरली, राहू दे, सोड."

"नाही, ऐका. त्या दिवशी माझं बीपी एकशे अठ्ठावन्न होतं."

"कुठल्या दिवशी?"

"सीमंताच्या. तुम्ही मला इथेच, या कट्ट्यापाशी विचारलंत तेव्हा."

त्यांनी गॅस बंद केला. "मला किती सांगितलं होतं?"

"एकशे अठ्ठावीस. वहीत पण खोटं लिहिलं. पाच आठवडे. डॉक्टरांना पण तेच दाखवलं."

"मी म्हटलं होतं पुढे घालू."

"हो."

"म्हटलं होतं ना मी?"

"हो, अम्मा. म्हटलं होतं."

त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील, निदान रडतील तरी. शेवटी म्हणाल्या, "चार महिने मी देवापुढं दिवा लावला नाय. माझ्या हातानं लावू नये असं वाटायचं. तू रोज बघत होतीस."

मी बघत होते. दिवा मी लावत होते.

"किरणला सांग. आज. मी नाय सांगणार," असं म्हणून त्या उठल्या, कपाटातून पिशवी काढली आणि एक साडी तिच्यात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने हुणसूरला गेल्या आणि दुपारपर्यंत लताला घेऊन आल्या. तिला घरी न आणता थेट दवाखान्यात नेलं होतं. तिचं बीपी १४४ निघालं. गोळी सुरू झाली.

ज्यांना सांगितलं

किरणला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने एकच विचारलं, "का?" मी कामाचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, आणि सांगतानाच मला दिसत होतं की एका मुलीच्या जिवापुढे यातलं काहीच पुरेसं नाही. तो तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलला. आज आम्ही एकत्र आहोत. त्याने माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही.

डॉक्टर मॅडमनाही जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, मशीनमध्ये जुने आकडे साठलेले असतात, आता त्या प्रत्येकीचं मशीनही मागवून बघणार आहेत. सांगलीला आईला फोन केला. तिने अम्मांची माफी मागितली का ते मला माहीत नाही, पण एक पार्सल आलं होतं, त्यात अम्मांच्या नावाने साडी होती.

आरोग्य केंद्रात गेले तेव्हा त्या सिस्टर बाहेरच्या बाकावर रजिस्टर भरत होत्या. मी सांगितलं, माझ्या फॉर्ममधलं चुकीचं आहे, बाळ वाचू शकलं असतं, दुरुस्त करा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आम्ही पण कधी अंदाजानं लिहितो, मॅडम. मशीन नसतं तेव्हा," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुमच्याकडं होतं की." मी हो म्हटलं. त्यांनी जुनी ओळ खोडली, मी सांगितलं ते लिहिलं, आणि खाली दोघींनी सह्या केल्या.

त्यानंतरच्या सकाळी

लता आणि तिचा मुलगा आता सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते. तो महिनाभर लवकर झाला, आता पालथा पडतो.

लता आली त्या दिवसापासून अम्मांनी मशीन आपल्या ताब्यात घेतलं. "पट्टा कसा बांधायचा ते शिकव," एवढंच त्या माझ्याशी बोलल्या. मी दाखवलं. पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला, कितीच्या वर गेलं की निघायचं. त्या दुकानातून नवी वही घेऊन आल्या. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. आकडा त्या स्वतः वाचायच्या, स्वतः लिहायच्या, कन्नड अंकांत, मोठ्या अक्षरात. ती वही देवघराच्या फळीवर असायची आणि मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. मी मागितलीही नाही. मी दारात उभी राहायचे. दोन महिने आम्ही दोघी एका घरात जेवणखाणापुरतं बोललो.

नववा लागायला चार दिवस होते, त्या सकाळी लताला खुर्चीत बसवलं. अम्मांनी बटण दाबलं, पट्टा फुगला, उतरला. १५२/९८.

"अम्मा, मी आत्ताच जिना चढून आले," लता म्हणाली. "परत बघ स्वल्प थांबून."

दहा मिनिटं थांबून परत बघितलं. १३९/८९.

"बघितलंस?" लता हसली. "कमी झालं. हेच लिही, अम्मा. ते पहिलं जिन्याचं होतं."

अम्मांनी पेन उचललं आणि थांबल्या. मग त्यांनी वळून दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"कुठलं लिहू?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही लिहिले, वही पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बोलव. तू पण चल."